मुंबई गोदीचें सुपरिंटेंडेंटपद आणि लोसाहेबांचा इतिहास

चार्ल्स रॅथबोन लो ह्यांचा हिंदी आरमाराचा द्विखंडात्मक इतिहास इ. स. १८७७ सालीं लंडनास प्रसिद्ध झाला. मुंबईच्या ‘सुपरिंटेंडेंट ऑफ मरीन’ ह्या पदाविषयीं लिहूं जाणाराच्या हातीं प्रथम हाच ग्रंथ येतो, आणि बहुधा शोध तेथेंच थांबतो. ग्रंथ माहितीनें भरलेला आहे खरा. परंतु ग्रंथाची सीमा तीच पदाची सीमा समजणें युक्त नव्हे.

लोसाहेब स्वतः त्या आरमारांतील अधिकारी. तें आरमार १८६३ त मोडलें. सबब हा ग्रंथ म्हणजे एका गतायु सेवेचें श्राद्धच होय, आणि श्राद्धप्रसंगीं पितरांचे दोष कोणी काढीत नाहीं. १८२७ त सर चार्ल्स माल्कम हे राजाच्या आरमारांतील कप्तान ह्या पदावर नेमले गेले. पुढें ऑलिव्हर, लशिंग्टन, लीक, वेल्स्ली हे कायम नेमलेले सारे त्याच वर्गांतले. कंपनीच्या जुन्या नौकाधिकाऱ्यांचा वरचा मार्ग खुंटला, हें दुःख खरें. पण १८२७ सालींच चार्ल्स ह्यांचे बंधु सर जॉन माल्कम, म्हणजे १८१८ त बाजीरावसाहेब ज्यांच्या स्वाधीन झाले तेच, मुंबईचे गव्हर्नर झाले, हा योगही संशोधकानें विसरूं नये.

ह्या पदाकडे गोदीच्या बाजूनें पाहिल्यास चित्र पालटतें. लवजी नसरवानजी १७३६ त सुरतेहून आले. १७५० त पहिली सुकी गोदी झाली. माल्कमांच्याच कारकीर्दींत मुंबईस बांधलेली ‘ह्यू लिंड्से’ ही आगबोट १८३० त सुवेझला गेली. १८४१ त अर्देशिर करसेटजी मुख्य यंत्राधिकारी झाले व गोरे कारागीर त्यांच्या हाताखालीं आले. सुपरिंटेंडेंट व वाडिये ह्यांचा रोजचा व्यवहार कसा चाले, हा खरा प्रश्न. त्यासाठीं मोहिमांचीं वर्णनें पुरेशीं नाहींत. मुंबई दप्तरखान्यांतील मरीन खात्याच्या रोजनिश्या ताडून पाहिल्या पाहिजेत.

ह्या पदास ‘सरखेल’ म्हणण्याचा मोह मात्र आवरावा. तो किताब, कान्होजींपासून आंग्रे घराण्यांत राहिलेला. हा पगारी, बदलीचा नोकर. तुलनाच करणें तर आनंदराव धुळपांकडील विजयदुर्गच्या सुभा आरमाराशीं करावी.

लोसाहेबांनीं १८६३ त पडदा टाकला. गोदी मात्र चालू होती. ग्रंथ छापला त्याच १८७७ त मुंबई व बंगाल येथील मरीन एकत्र झाली. १८९२ त ती ‘रॉयल इंडियन मरीन’ व १९३४ त ‘रॉयल इंडियन नेव्ही’ झाली. आज लढाऊ ताफ्याची आज्ञा पश्चिम नौदल कमांडकडे आहे, आणि गोदीच्या प्रमुखास ‘अॅडमिरल सुपरिंटेंडेंट’ म्हणतात. एका हातीं असलेले दोन अधिकार वेगळे झाले, तेव्हां जुनें नांव गोदीकडे राहिलें.