सत्य किती आणि शेजारी कोण?

मुस्लीम समाजांतल्या बहुविधतेवर गेल्या पन्नास वर्षांत भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यातलं बरंचसं मात्र परदेशात बसून. फझलुर रहमान यांना १९६८ मध्ये पाकिस्तान सोडावा लागला आणि पुढचं काम शिकागोत झालं. इजिप्तचे नस्र हामिद अबू झैद कुराणाकडे भाषेच्या आणि इतिहासाच्या अंगाने पाहत होते. १९९५ मध्ये कैरोच्या अपील न्यायालयाने त्यांना धर्मत्यागी ठरवून त्यांचं लग्नच रद्द केलं. पतीपत्नी लायडनला गेले. सुदानच्या महमूद मुहंमद ताहांना तर जानेवारी १९८५ मध्ये फाशी झाली.

या मंडळींत तात्त्विकदृष्ट्या सर्वांत धाडसी इराणचे अब्दुल करीम सरोश. धर्म ईश्वरी असला तरी धर्माविषयीचं ज्ञान माणसाचं, म्हणून अपुरं आणि बदलतं, हे त्यांचं मूळ म्हणणं. तिथून ते सत्याकडे जाणाऱ्या अनेक वाटांपर्यंत येतात. आधाराला तत्त्वज्ञ जॉन हिक असतात आणि त्यांच्याहून जास्त सूफी कवी रूमी. मांडणी मोहक आहे, पण इराणमधल्या बहाई विद्यार्थ्याला विद्यापीठात प्रवेश नाकारला जातो तेव्हा रूमी त्याच्या काय कामाचा?

मला ताहांचे शिष्य अब्दुल्लाही अन-नईम अधिक उपयोगी वाटतात. शासन धर्माबाबत तटस्थ असेल तरच मुसलमानाला मनापासून मुसलमान राहता येईल, असं ते म्हणतात. सक्तीने पाळलेल्या धर्मात श्रद्धा कुठली? सगळे धर्म सारखेच खरे, असं कुणाकडून वदवून घेण्याची त्यांना गरजच पडत नाही.

ती गरज महागात पडते हे इंडोनेशियात दिसलं. नुरचोलिश माजिद यांनी १९८६ मध्ये जकार्तात पारामदिना ही संस्था उभी केली आणि मायदेशातच, शहरी मध्यमवर्गापुढे धार्मिक बहुलतेचा विचार मांडला. जुलै २००५ मध्ये तिथल्या उलेमा परिषदेने बहुलतावादाविरुद्ध फतवा काढला. वेगळ्या धर्माच्या माणसांनी शेजारी राहायला त्यात हरकत नव्हती. सगळे धर्म सारखे खरे मानायला होती. त्याच अधिवेशनात अहमदिया पंथाविरुद्धचा जुना फतवा मात्र पुन्हा बजावला गेला. ख्रिस्ती शेजारी चालेल, आपल्यातलाच निराळा माणूस नको! अभ्यासकही आंतरधर्मीय संवादात इतके रमतात की हा अंतर्गत कलह मागे पडतो.

अपवाद शहाब अहमद यांचा. त्यांचं 'व्हॉट इज इस्लाम?' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, २०१६ मध्ये आलं. बाल्कनपासून बंगालपर्यंतच्या समाजांत हाफिजचं काव्य, इब्न सिनाचं तत्त्वज्ञान, मद्याचे पेलेसुद्धा इस्लामी जगण्याचाच भाग होते, असं ते दाखवतात. ग्रंथ अफाट आहे. पण त्यात दरबार आणि विद्वान जितके दिसतात तितका शेतकरी-कारागीर दिसत नाही, आणि इंडोनेशिया त्या नकाशाबाहेरच राहतो.

ही उणीव भरून काढणारं साहित्य आपल्याकडे आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकऱ्यांना परके नाहीत आणि रा. चिं. ढेरे यांनी मुसलमान मराठी संतकवींवर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. हमीद दलवाईंनी १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते कायद्यातल्या समानतेसाठी, तर मुंबईत असगर अली इंजिनिअर तीच समता कुराणाच्या आधारे मागत राहिले. सरोश आणि अन-नईम यांच्यातला वाद या दोघांच्या रूपाने आपल्या अंगणात होऊन गेला आहे. मराठी अभ्यासकांनी दलवाई आणि इंजिनिअर एकदा शेजारी ठेवून वाचावेत.