वर्गणी नव्हे, भाडे : व्हिडिओ गेमच्या सदस्यत्वाचा उपनगरी हिशेब

‘सबस्क्रिप्शन’ला मराठीत आपण सवयीने ‘वर्गणी’ म्हणतो. व्हिडिओ गेमच्या बाबतीत हा शब्द फसवा आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. वर्गणी भरणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडते आणि ते टिकते. नियतकालिकाची वर्गणी भरली की अंक घरात येतो. पुढच्या वर्षी ती भरली नाही म्हणून मागचे अंक कोणी माळ्यावरून उचलून नेत नाही. वाचनालयाच्या वर्गणीदाराला पुस्तक परत करावे लागते हे खरे, पण ते गावातल्याच कपाटात राहते आणि त्या कपाटाच्या कारभारावर वार्षिक सभेत भांडताही येते. महिन्याला ठरावीक रक्कम घेऊन शेकडो गेम खुले करणाऱ्या सेवांमध्ये यातले काहीच नाही. ते भाडे आहे. आणि भाड्याचा व्यवहार मुंबईच्या उपनगरांना नवा नाही.

व्हिडिओ लायब्रऱ्यांच्या जमान्यात अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीच्या दुकानांत सिनेमाच्या कॅसेटींशेजारी गेमच्याही कॅसेटी असत. (‘कार्ट्रिज’ हा शब्द मुलांच्या तोंडी नव्हता.) अनामत ठेवून दिवसाच्या भाड्याने कॅसेट घरी न्यायची. घरी यंत्र नसेल त्याने पार्लरमध्ये टोकन घेऊन खेळायचे. पुढे सायबर कॅफे आले आणि ‘काउंटर-स्ट्राइक’ तासाच्या दराने मिळू लागला. या साऱ्या व्यवहारांत एक गोष्ट समान होती : वेळ संपली की पैसे थांबत. पुन्हा पैसे द्यायचे तर पुन्हा खिशात हात घालावा लागे. शिवाय गल्ल्यावरचा माणूस ओळखीचा असे. त्याच्याशी घासाघीस होई, उधारीही होई.

हे चित्र बदलले ते घरातल्या यंत्राने नव्हे, तर साध्या मोबाइलने. प्रीपेड कार्डाच्या शिलकीतून रोज किंवा आठवड्याला थोडे पैसे कापून घेऊन गेम देणे, हा दूरसंचार कंपन्यांच्या ‘मूल्यवर्धित सेवां’चा एक मोठा भाग होता. १९९९मध्ये स्थापन झालेली मुंबईची नझारा टेक्नॉलॉजीज ही कंपनी मार्च २०२१मध्ये शेअर बाजारात उतरली, तेव्हाही दूरसंचारामार्फत मिळणारे गेम-सदस्यत्व हा तिच्या व्यवसायाचा स्वतंत्र विभाग होता. म्हणजे गेमचे सदस्यत्व आपल्याकडे मायक्रोसॉफ्टने आणले, हा समज दुरुस्त करायला हवा. एक्सबॉक्स गेम पास जून २०१७चा. आपल्याकडची कल्पना त्याहून जुनी आणि कितीतरी गरीब ग्राहकासाठी घडवलेली होती.

तिच्यातला दोषही तेव्हाच उघड झाला. न मागितलेल्या सेवांचे पैसे शिलकीतून कापले जातात, या तक्रारी सबंध दूरसंचार क्षेत्रात इतक्या वाढल्या की ‘ट्राय’ला जुलै २०१३मध्ये सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची करावी लागली. बँकांच्या कार्डांबाबत हेच तत्त्व रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१पासून लागू केले : आपोआप होणाऱ्या वजावटीची सूचना २४ तास आधी द्यायची आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या रकमेला दर वेळी ग्राहकाची नव्याने मंजुरी घ्यायची. सदस्यत्वाचा सगळा नफा ग्राहकाच्या विसरण्यावर उभा असतो, हे या नियमांइतके स्पष्टपणे कोणत्याही समीक्षकाने सांगितलेले नाही.

किमतीचे आकडे पाहू. गेम पासच्या ‘अल्टिमेट’ श्रेणीची भारतातली मासिक किंमत ऑक्टोबर २०२५मध्ये ८२९ रुपयांवरून १,३८९ झाली. अमेरिकेत ती २० डॉलरची ३० झाली. टक्केवारीत आपल्यावरचा बोजा जास्त. त्या दराने वर्षाचे होत १६,६६८ रुपये. तेव्हा प्लेस्टेशनचा नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना येई, म्हणजे तेवढ्यात तीन गेम विकत येत आणि पैसे उरत. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर ती विकता येते, अदलाबदल करता येते, धाकट्या भावाला देता येते. भाड्याच्या गेमला धाकटा भाऊ नसतो. अर्थात वर्षाला दहा-बारा गेम संपवणाऱ्याला सदस्यत्व अजूनही स्वस्त पडेल. पण लोकलच्या प्रवासात आणि क्लासेसमध्ये दिवस घालवणारा मुलुंडचा विद्यार्थी एवढे गेम कधी संपवतो?

या सेवांच्या बाजूने सांगण्यासारखी एक खरी गोष्ट आहे आणि ती महाराष्ट्रातलीच आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. २०१७मध्ये लोकांकडून निधी जमवण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२०मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि २०२१मध्ये गेम पासवर आला. भारतीय पुराणकथांच्या आधाराने रचलेला, एका मुलीने भावाचा शोध घेण्याचा हा खेळ, अनोळखी स्टुडिओचा म्हणून ज्यांनी कधी विकत घेतला नसता, त्यांच्यापर्यंत सदस्यत्वामुळे पोहोचला. टोरांटोच्या एका छोट्या चमूचा ‘वेन्बा’ हा तमिळ कुटुंबाचा खेळही २०२३मध्ये पहिल्याच दिवशी तिथे होता. लहान निर्मात्याला असा आधार मोलाचा असतो. पण यादीत कोण राहील आणि कोण जाईल हे ठरवणारा वाचक नाही, समीक्षक नाही, निर्माताही नाही.

इथेच माझा मुख्य आक्षेप आहे. पुस्तके ग्रंथालयांना देण्याचा १९५४चा कायदा प्रत्येक प्रकाशित पुस्तकाची प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयापर्यंत पोहोचवतो. चित्रपटांसाठी पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय संग्रहालय आहे. गेमसाठी यातले काही नाही. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद केले, तेव्हा पूर्ण किंमत मोजून तो विकत घेतलेल्यांच्याही हातात काही उरले नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५पासून विक्रेत्याला ‘तुम्ही मालकी नव्हे, परवाना घेत आहात’ हे सांगणे बंधनकारक केले. सांगण्याने गेम वाचत नाही, पण निदान शब्द तरी खरा झाला. मराठीत गेमची गंभीर समीक्षा अजून रुजलेली नाही. ती उद्या कोणी लिहू लागला आणि ज्या कृतीबद्दल लिहायचे तीच यादीतून गेलेली असेल, तर त्याने पुरावा कुठून आणावा?

पुढे काय, याची दिशा दिल्लीतून ठरते आहे. ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळण्याचे गेम बंद केले आणि सामाजिक गेमना मात्र सदस्यत्वाचे शुल्क घेण्याची स्पष्ट मुभा दिली. त्यामुळे आपल्याकडच्या कंपन्या याच वाटेने येतील, असा माझा अंदाज आहे. एकट्या गेमसाठी कोणी हजार-बाराशे देणार नाही. म्हणून इंटरनेटच्या बिलात, सिनेमा-मालिकांच्या सोबतीने, जाहिरातींसह स्वस्तात हे गेम घरात शिरतील. ॲपल आर्केड २०१९मध्ये आणि गुगल प्ले पास २०२२मध्ये ९९ रुपयांना आले ते याच गणिताने. त्या बिलावर ‘गेम’ अशी वेगळी ओळही नसेल.

बोरिवली किंवा मुलुंडच्या एखाद्या वाचनालयाने चार यंत्रे आणि शंभर डिस्क घेऊन गेमचा विभाग काढायचे ठरवले, तर जुने गेम त्याला आजही बाजारात मिळतील. केवळ सदस्यत्वावर निघालेला गेम मात्र त्याला कोणत्याही किमतीला विकत घेता येणार नाही.