शोधयंत्राचा मूळ निबंध : एक पुनर्वाचन

सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या स्टॅनफर्ड विद्यापीठातील दोन संशोधक विद्यार्थ्यांनी १९९८ साली ब्रिस्बेनच्या परिषदेत एक निबंध सादर केला. ‘गूगल’ या शोधयंत्राची रचना त्यात मांडली आहे. आज भिवंडीत ग्रे कापड विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही आपले संकेतस्थळ गूगलच्या यादीत वर दिसावे असे वाटते. पण वर येण्याचे ठोकताळे सारखे बदलतात, आणि कालची युक्ती आज चालत नाही. असे का होते, हे समजण्यासाठी आम्हाला हा निबंध पुन्हा वाचावासा वाटला.

निबंधाची मूळ कल्पना सोपी आणि सुंदर आहे. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतरांनी किती वेळा केला, यावरून त्याचे महत्त्व जोखण्याची पद्धत विज्ञानात आधीपासून होती. लेखकांनी तीच संकेतस्थळांच्या पानांना लावली. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे एक मत. मात्र सगळ्या मतांचे वजन सारखे नसते. १० गुणांच्या पानाने ५ दुवे दिले, तर ढोबळमानाने प्रत्येकाच्या वाट्याला २ गुण येतात. ते गुण पुढे पुन्हा वाटले जातात. फळ्यावर चार पाने आणि काही बाण काढून हा हिशेब आठवीच्या वर्गातही करून पाहता येईल. लेखकांनी तो सुमारे २ कोटी ४० लाख पानांवर केला.

उणीव आहे ती इथेच. हवामानखात्याच्या अंदाजाने पाऊस बदलत नाही. पण क्रमवारीमुळे पाने बदलतात. दुव्यांना किंमत आहे हे कळताच दुवे विकत मिळू लागले, केवळ एकमेकांना दुवे देण्यासाठी संकेतस्थळे उभी राहिली. लबाडीची कल्पना लेखकांना होती. परंतु आपल्या पद्धतीला फसवणे जवळजवळ अशक्य करता येईल, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला. तो टिकला नाही. २०११ साली ‘पांडा’ नावाच्या बदलाने गूगलला निकृष्ट मजकुराची पाने खाली ढकलावी लागली, तर २०१२ साली ‘पेंग्विन’ने बनावट दुव्यांवर घाव घातला. शिक्षकांना हे नवे नाही. अपेक्षित प्रश्नसंच निघाले की परीक्षकाला प्रश्नांचे स्वरूप बदलावेच लागते.

तेव्हा ‘भिवंडी कापड’ हे शब्द पन्नास वेळा लिहिण्यापेक्षा कापडाचा पन्हा, सुताचा काउंट आणि भाव नीट लिहिणे अधिक टिकाऊ, असे आम्हाला वाटते. गिऱ्हाइकाला हवी असलेली माहिती नियम बदलल्याने निरुपयोगी होत नाही.

निबंधाचे परिशिष्ट मात्र विशेष मोलाचे आहे. मोबाइल फोनविषयी शोध घेतला असता लेखकांच्या यंत्राने फोनमुळे वाहनचालकाचे लक्ष कसे विचलित होते, यावरचा अभ्यास पहिला दाखवला. फोन कंपन्यांच्या जाहिरातींवर जगणाऱ्या यंत्राला असे उत्तर दाखवणे जड जाईल, असे त्यांनी बजावले होते. पुढे २००० साली गूगलनेच जाहिराती घेण्यास सुरुवात केली! आज यादीच्या डोक्यावर अनेकदा जाहिरातीच असतात. प्रकल्पासाठी पहिले उत्तर उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपण दोन प्रश्न विचारावेत : हे पान कोणी लिहिले, आणि ते वर कशामुळे आले?