‘खो’ या शब्दाचा उलटा प्रवास

मैदानांतला शब्द घरांत आला कीं त्याचा अर्थ थोडाफार बदलतो. इंग्रजींतील ‘हॅट ट्रिक’ हा शब्द घ्या. १८५८ सालीं शेफील्ड येथें एच्. एच्. स्टीफन्सन या गोलंदाजानें लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, तेव्हां वर्गणी जमवून त्यास टोपी देण्यांत आली. टोपी विस्मृतींत गेली. पण कोणत्याही क्षेत्रांतील सलग तीन यशांना आज तेंच नांव आहे. तेथें अर्थ विस्तारला, दिशा तीच राहिली. आमच्या ‘खो’ची गोष्ट मात्र निराळी आहे.

‘त्यानें माझ्या कामांत खो घातला’ हें वाक्य जालना जिल्ह्यांतील तीर्थपुरीच्या बाजारांत उच्चारलें काय, किंवा पुण्याच्या कचेरींत उच्चारलें काय, अर्थ एकच: त्यानें विघ्न आणलें. खो घालणारा म्हणजे विरोधक. मैदानावर पाहावें तों प्रकार अगदीं उलट! नऊ गड्यांपैकीं आठजण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडें करून बसतात. नववा पाठलाग करतो. दोन खांबांच्या दरम्यान त्यास मधली पट्टी ओलांडण्याची मुभा नाहीं, घेतलेली दिशा बदलण्याचीही नाहीं. पळणारा पट्टीपलीकडे गेला कीं त्याचा इलाज खुंटतो. मग तो बसलेल्या सोबत्याच्या पाठीस हात लावून ‘खो’ म्हणतो आणि स्वतः त्याच्या जागीं बसतो. खो हा नेहमीं आपल्याच माणसास द्यावयाचा असतो.

मग भाषेनें अर्थ असा कां फिरविला? आम्हांस वाटतें, तिनें हा खेळ बसलेल्या गड्याच्या नजरेनें पाहिला. त्याच्या लेखीं घडतें तें इतकेंच कीं, पाठीमागून कोणी आला आणि आपली जागा गेली. ‘एकमेकांस खो देणें’ म्हणजे जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणें, हा अर्थही त्याच बैठकींतून निघाला असावा.

१९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें या खेळास नियमांची चौकट दिली. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लींत पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनीं अंतिम सामन्यांत नेपाळला हरविलें. खेळ इतका दूर गेला, शब्द मात्र जुन्या तक्रारीलाच चिकटून राहिला.

रूढी बलवत्तर असते. ‘खो घालणें’ टाकून द्या, असें कोणास सांगणें व्यर्थ होय. पण त्याच्या शेजारीं मैदानावरचा मूळ अर्थही नांदावयास हरकत कोणती? आमच्या कित्येक मंडळांत व संस्थांत वडीलधारे धाप लागली तरी धांवतच असतात, आणि तरुण पाठीवर हात पडण्याची वाट पाहत बसतात. योग्य क्षणीं सोबत्यास उठवून आपण बसावें, या गुणाला मराठींत सुटसुटीत नांव नाहीं. तें मैदानावर तयार आहे. लेखकांनीं तेथून उचलावें.