ठिबकणारा नळ आणि रांगेतली घागर : पाण्यावरच्या बालचित्रांचे एक वाचन

दर वर्षी मार्च उजाडला की आपल्या शाळांमध्ये पाण्याची चित्रे काढली जातात. २२ मार्च हा जागतिक जलदिन; त्याला जोडून महाराष्ट्रात जलजागृती सप्ताहही साजरा होतो. चित्रकला, घोषवाक्य, आणि अलीकडे मोबाइलवर काढलेली छायाचित्रे अशा स्पर्धा होतात. बक्षिसे वाटली जातात, बातमी छापून येते आणि चित्रांचे गठ्ठे कपाटावर किंवा रद्दीत जातात. या चित्रांबद्दल समीक्षेच्या अंगाने लिहिलेले माझ्या वाचनात आलेले नाही. बालचित्र म्हटले की आपण कौतुक करतो, वाचत नाही. मी कलाशाळेत शिकलेली नाही. पण गेली काही वर्षे मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या गावी भरणाऱ्या अशा स्पर्धांची चित्रे मी मागून घेऊन पाहते आहे. त्यांतून जे दिसले, ते इथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे चित्रांमधले साम्य. पृथ्वीचा गोल, अर्धा हिरवा आणि अर्धा भेगाळलेला. गोलाला लावलेला नळ. नळातून पडणारा एकच थेंब आणि त्याखाली धरलेली ओंजळ. कधी त्या थेंबातच एक झाड. वर ‘पाणी हेच जीवन’, खाली ‘पाणी वाचवा’. बीड, लातूर, धाराशिव, जालना, कुठल्याही जिल्ह्यातला गठ्ठा सोडा, हा नळ भेटतोच. ज्या वस्तीवर नळ नाही, हापसा आहे आणि तोही मार्चनंतर कोरडा खडखडतो, त्या वस्तीवरचे मूलही नळच काढते.

ठिबकणारा नळ हे चिन्ह निरागस नाही. पाणी घरापर्यंत आलेले आहे हे ते गृहीत धरते. उणीव आहे ती वापरणाऱ्याच्या शिस्तीची, असे ते सांगते. चोवीस तास पाणी असलेल्या शहरी घराला हा उपदेश ठीक आहे. पण एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या फेरीत दहा वाघिणींमधून सुमारे पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्ये शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती कलम १४४ लावून जमावबंदी करावी लागली होती. त्या शहराच्या आसपासच्या मुलाने नळ नीट बंद करण्याचे चित्र काढावे, यात काहीतरी उलटे झाले आहे.

हे उलटे कसे झाले, त्याची मुळे आपल्या चित्रकला शिक्षणात आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांनी महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांचा हात तयार केला, हे त्यांचे श्रेय मोठे आहे. मात्र त्यांतल्या स्मरणचित्राची तयारी बहुतेक ठिकाणी पाठांतराने होते. बाजार, जत्रा, पाणवठा यांच्या ठरलेल्या रचना मुले नमुना-पुस्तकांतून गिरवतात. नाव स्मरणचित्राचे, पण मुलाला आठवायचे असते ते पुस्तकातले पान. स्पर्धेचा विषय तर त्याहून घट्ट बांधलेला. ‘पाणी वाचवा’ हा विषय नाही, तो आदेश आहे. निष्कर्ष आधीच हातात दिल्यावर मूल पाहणार कशाला? ते उत्तरपत्रिका रंगवते आणि आपण तिला स्वच्छता, रंगसंगती, विषयाची मांडणी असे गुण देतो.

तरीही एखादे चित्र या चौकटीतून निसटते. बीड जिल्ह्यातल्या एका स्पर्धेत सातवीतल्या मुलीचे असे चित्र मी पाहिले. पानभर घागरी, दोन ओळींत मांडलेल्या. एकीच्या गळ्याला लाल चिंधी, एकीला सुतळी, एकीवर खडूने अक्षर. मधे एका घागरीच्या जागी दगड आणि एका जागी चप्पल. माणूस एकही नाही. कडेला टँकरचा पाइप डोकावतो, टँकर पानाबाहेर. घरे मागे, काड्यापेटीएवढी. घागरी घरांहून मोठ्या.

परीक्षकांपैकी एकांनी विचारले, “यात पाणी कुठे आहे?” निळा रंग चित्रात खरोखरच नव्हता. चित्र बाजूला गेले.

माझ्या मते पाण्याच्या टंचाईचे इतके अचूक चित्र त्या गठ्ठ्यात दुसरे नव्हते. टंचाई म्हणजे केवळ पाण्याचा अभाव नव्हे. ती वेळेची, रांगेची, नंबराची व्यवस्था असते. टँकर कधी येईल ते ठाऊक नसते आणि रोजगार बुडवून चालत नाही, म्हणून माणसे कामावर जातात आणि त्यांच्या जागी दगड थांबतो. चिंधी ही सही असते. मुलीने प्रमाण चुकवले असे म्हणता येईल. पण जे दिवसाचा मोठा भाग खाते ते मोठे काढायचे, हे प्रमाण भूमितीच्या प्रमाणाहून खोटे नाही. आणखी एक गोष्ट होती. दोन्ही ओळींपासून दूर, पानाच्या खालच्या कोपऱ्यात एकच घागर होती, तिला कसलीही खूण नव्हती. “ही कुणाची?” मी विचारले. “ते त्यांचं हाय,” ती म्हणाली आणि रंगपेटी आवरू लागली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर काय घडले, हे तिच्या पाठ्यपुस्तकात असते. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, हेही असते. त्या धड्याचा आणि या कोपऱ्यातल्या घागरीचा संबंध जोडायला स्पर्धेने तिला जागा दिली नाही. चित्रात मात्र तो आला आहे.

छायाचित्रांकडे वळले की वेगळी अडचण दिसते. इथे आदर्श नमुना-पुस्तकाचा नाही, वर्तमानपत्राचा आहे. भेगाळलेली जमीन, जमिनीलगत धरलेला कॅमेरा, मावळतीच्या सूर्यापुढे हंडा घेतलेल्या बाईची काळी आकृती. बाईचा चेहरा दिसत नाही. दुष्काळाच्या प्रतिमांचा हा जुना दोष आहे. १८७६-७८ च्या मद्रास प्रांतातल्या दुष्काळात हूपर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना एकत्र बसवून छायाचित्रे घेतली. ती माणसे कोण होती, हे ती छायाचित्रे सांगत नाहीत. याउलट १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसादांनी मेदिनीपूर भागात फिरून रेखाटने केली, ती माणसांची नावे-गावे नोंदवत. पुढे मुंबईत राहिलेल्या या चित्रकाराच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त केल्या, हे विसरू नये. अनामिक करुणेची सत्तेला अडचण होत नाही. नाव-गाव असलेल्या चित्राची होते.

गावातल्या मुलाकडे तर बाहेरच्या छायाचित्रकाराला कधीच न मिळणारी गोष्ट असते. तो घराच्या आत असतो. एका मुलाने आपल्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीचे छायाचित्र दिले होते. टाकीच्या झाकणाला साखळी आणि कुलूप. बस्स. पाण्याला कुलूप लागते, हे सांगायला त्याला भेगाळलेली जमीन शोधत जावे लागले नाही.

या सगळ्या चित्रांत काय नसते, तेही पाहिले पाहिजे. ऊस नसतो. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा अहवाल १९९९ मध्ये आला, तेव्हापासून पाणी आणि पीकरचना यांचे नाते अनेकांनी मांडले. लागवडीखालच्या सुमारे चार टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून मोठा वाटा घेतो, हा अंदाज आता सर्वांच्या परिचयाचा आहे. बोअरही नसतो. साठ मीटरहून खोल विहिरींना बंदी घालणारा भूजल कायदा राज्यात २००९ चा आहे, आणि बोअरच्या गाड्या मात्र गावोगाव त्याहून कितीतरी खोल जातात. मुलांना हे दिसत नाही असे नाही. उसाच्या फडाशेजारूनच ती शाळेत येतात. पण बक्षीस देणाऱ्या मंचावर कोण बसते, तेही त्यांना दिसते.

मुलांच्या स्पर्धेवर एवढे ओझे कशाला, असे कुणी म्हणेल. नळ बंद करण्याची सवय लागली तर वाईट काय? काहीच नाही. परंतु सवय लावायला चित्राची गरज नाही, सूचना पुरते. चित्र काढायला सांगतो तेव्हा आपण मुलाची नजर मागत असतो. ती मागून तिच्या जागी आपलेच वाक्य परत घेणे, ही त्याची फसवणूक आहे. ज्या मुलीच्या घागरींना बक्षीस मिळाले नाही, ती पुढच्या वर्षी पृथ्वीचा गोल काढील. ती शिकली, असे आपण म्हणू.

म्हणून आयोजकांपुढे दोन साध्या सूचना ठेवते. विषय बदला : ‘पाणी वाचवा’ ऐवजी ‘आमच्या घरी पाणी कुठून येते, कोण आणते’ असा प्रश्न द्या. आणि चित्रे रद्दीत घालू नका. प्रत्येक चित्रामागे गाव, पाण्याचे ठिकाण आणि महिना लिहून ती शाळेतच वर्षावर्षाने लावून ठेवा. दहा वर्षांनी त्या गठ्ठ्यांत हापसा कधी बंद पडला, आड कधी बुजला, टँकर कुठल्या महिन्यात येऊ लागला, रांगेबाहेरची घागर आत आली की नाही, हे सारे सापडेल. सरकारी दप्तरात यातले थोडेसेच असते. मुलांना ते रोज दिसते.