हिरव्या पाण्याची काच

आगरदांड्याच्या जेट्टीवरून दिघीकडे पाहिलं की मधल्या राजपुरीच्या खाडीचं पाणी जाहिरातींतल्या निळ्या समुद्रासारखं दिसत नाही. पावसाळ्यात ते मातकट असतं. थंडीत हिरवं होतं, पण त्या हिरव्यातही गाळाचा धूर असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-सुकतीची ओढ तळाचा चिखल वर काढते. अष्टमीच्या आसपास भांग आला की हालचाल मंदावते, गाळ थोडा खाली बसतो, आणि खाडीच्या मुखाजवळच्या खडकांत हाताच्या अंतरावरचं काही दिसू लागतं. भरती भरून पाणी थांबतं तो थोडा वेळ सगळ्यांत चांगला. कोळी लोकांना हे सांगावं लागत नाही. पाण्याखाली फोटो काढू पाहणाऱ्यानेही कॅमेऱ्याची माहितीपत्रकं उघडण्याआधी हीच तिथी पाहावी, आणि त्या ओढीची जाण असलेला स्थानिक माणूस होडीत असल्याशिवाय उतरू नये.

जुना कॅमेरा बदलायचा ठरला की पहिला प्रश्न असतो, कोणती बॉडी घेऊ? या किनाऱ्यासाठी मला तो प्रश्न उलट्या टोकाने सोडवावासा वाटतो. पाण्याला प्रत्यक्ष टेकणाऱ्या काचेपासून सुरुवात करावी आणि मागे मागे येत बॉडीपर्यंत पोचावं. फोटो त्या काचेत घडतो. बाकी सारी यंत्रसामग्री तिच्या पाठीशी उभी असते.

याचं कारण पाण्यातच आहे. सूर्यप्रकाशातला तांबडा रंग पाणी पहिल्या काही मीटरांत गिळतं, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. खाडीच्या पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि सूक्ष्म वनस्पती निळा रंगही शोषून घेतात, म्हणून उरतो तो हिरवा. त्यात तरंगणारा प्रत्येक कण प्रकाश विखुरतो. कॅमेरा आणि विषय यांच्यात एक मीटर पाणी असेल, तर प्रत्यक्षात एक मीटर धुक्याचा फोटो निघतो. सेन्सर कितीही मोठा असो, जे रंग आणि ज्या कडा काचेपर्यंत पोचल्याच नाहीत त्या त्याला कुठून मिळणार? उपाय एकच आहे. मधलं पाणी कमी करायचं, विषयाच्या अगदी अंगाशी जायचं, आणि तरीही फ्रेममध्ये त्याच्या भोवतीचं जग राहू द्यायचं. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात आहेत, आणि पाण्याखालच्या लेन्सचा गेल्या साठेक वर्षांचा इतिहास म्हणजे त्यांच्यात जुळवून आणण्याचा प्रयत्न आहे.

कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीला, म्हणजे हाउसिंगला, पुढे सपाट काच लावली तर पाणी आणि हवा यांच्या सीमेवर किरण वाकतात. वस्तू एक तृतीयांशाने मोठी दिसते, दृश्यकोन आवळतो, आणि तीच वस्तू फ्रेममध्ये बसवायला मागे सरकावं लागतं. मागे सरकलं की मध्ये पाणी वाढतं. म्हणजे गरज होती त्याच्या नेमकं उलट. जॅक कुस्तो यांच्या प्रेरणेने बेल्जियन अभियंता ज्याँ द वूतेर्स यांनी १९६१ साली कॅलिप्सो हा हाउसिंगशिवाय पाण्यात नेता येणारा कॅमेरा सिद्ध केला. १९६३पासून निकॉनने तोच निकॉनॉस नावाने बनवला. पुढे त्याच्यासाठी आलेल्या १५ मिमी यूडब्ल्यू-निक्कॉर लेन्सची पुढची काच थेट पाण्याला लागते. तिचं सारं गणित पाणी धरून मांडलेलं आहे, म्हणून हवेत ती निकामी ठरते. पाण्यात तिचा ९४ अंशांचा पट्टा कोपऱ्यापर्यंत धारदार असतो. फिल्मच्या काळातले अनेक उत्तम समुद्री फोटो या लेन्सचे आहेत आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिचा फोकस सुमारे एका फुटाच्या आत येत नाही, आणि तोही अंतराचा अंदाज बांधून लावावा लागतो. लाल समुद्रात एक फूट म्हणजे काहीच नाही. राजपुरीच्या मुखाशी त्या एका फुटात अर्धा फोटो विरघळतो.

म्हणून मी ज्या काचेजवळ येऊन थांबतो ती फार भारदस्त नाही. टोकिनाचा १०-१७ मिमी फिशआय झूम, आणि त्याच्यापुढे चार इंचांचा छोटा डोम. साडेतीनशे ग्रॅमची ही लेन्स क्रॉप सेन्सरसाठी, जमिनीवर आकाश आणि इमारती वाकवून टिपायला बनली. पाण्याखालच्या छायाचित्रकारांनी ती उचलली आणि जगभरच्या गढूळ पाण्यात तिचं खरं घर सापडलं.

तिचं वागणं सावकाश वाचण्यासारखं आहे. अर्धगोल काच पाण्यात गेली की ती स्वतःच एक लेन्स बनते. समोरचं सगळं, अगदी अनंतावरचंही, ती काचेपुढे एका आभासी प्रतिमेत गोळा करते. ही प्रतिमा डोमच्या त्रिज्येच्या सुमारे तिप्पट अंतरावर असते. चार इंचांच्या डोमची त्रिज्या पाचेक सेंटीमीटर, म्हणजे सबंध समुद्र काचेपुढे पंधरा सेंटीमीटरांच्या आत येऊन बसतो. इतक्या जवळ फोकस न होणारी लेन्स तिथे आंधळी ठरते. टोकिना सेन्सरपासून १४ सेंटीमीटरवर फोकस करते, म्हणजे लेन्सच्या पुढच्या काचेपासून जेमतेम दोन सेंटीमीटरवर. डोमला जवळजवळ टेकलेलं कालवही तिला स्पष्ट दिसतं. शिवाय ही आभासी प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वळलेली असते. सरळ रेषा सरळच राखणाऱ्या वाइड लेन्सला ती वळण झेपत नाही. कोपरे सुटतात, आणि ते सांभाळायला आठ-नऊ इंचांचा डोम लागतो. फिशआय मुळातच वक्र पाहते. एकीचं वळण दुसरीच्या वळणात बसतं. दोन वेगळ्या गरजांतून आलेल्या वस्तू इतक्या चपखल जुळाव्यात, याचा मला दर वेळी नव्याने आनंद होतो.

फोटोत हे कसं उतरतं? खडकावरचं मुठीएवढं कालव अर्धी फ्रेम व्यापतं. त्याच्या कडेची करवत, तिच्यावर बसलेले बार्नेकल, शिंपल्याच्या फटीतली काळपट झालर, सगळं काचेला भिडल्यासारखं येतं, कारण मध्ये दोन बोटांएवढंच पाणी आहे. त्यामागे खडक झपाट्याने लहान होत हिरव्यात बुडतो. पृष्ठभागाजवळून वर रोखलं, तर पाण्याखालून सारं आकाश ज्या ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसतं, ती खिडकी जवळजवळ सबंध फ्रेममध्ये येते, आणि तिच्या काठावर एखाद्या होडीचा तळ टेकलेला दिसतो. गढूळपणा आता पार्श्वभूमी झालेला असतो. खोलीची जाणीव तोच देतो. निर्मळ पाण्यातला फिशआय फोटो पुष्कळदा सपाट वाटतो, कारण दूरचंही जवळच्याइतकंच स्पष्ट असतं. इथे जवळचं आणि दूरचं हा भेद पाणी स्वतः करतं. या लेन्सच्या हाती आपल्या खाडीचा दोष गुण होतो, असं मला वाटतं.

तिच्या मर्यादाही ठळक आहेत. जेट्टीचे खांब कडेला आले की धनुष्यासारखे वाकतात. समुद्राने बनवलेल्या वस्तूंत सरळ रेषा नसतात म्हणून त्यांचं वाकणं खुपत नाही, पण माणसाने उभं केलेलं काही फ्रेममध्ये आलं की लगेच कळतं. ॲपर्चर एफ/८च्या वर उघडलं तर कोपरे मऊ पडतात.

वर जंजिऱ्याचा तट आणि खाली पाण्यातले खडक असा अर्धा-अर्धा फोटो मनात असेल, तर छोटा डोम बाजूला ठेवावा. पाण्याची रेघ डोमवर चढते, आणि लहान डोमवर छोटीशी लाटही अर्धी फ्रेम खाते. त्या कामाला आठ-नऊ इंचांचा डोमच हवा. त्याची आभासी प्रतिमा फुटभर दूर असते, त्यामुळे एफ/१६ला पाण्यातला खडक आणि दूरचा बुरूज दोन्ही फोकसच्या पल्ल्यात येतात. किल्ल्याचं महाद्वार राजपुरीकडे, पूर्वेला आहे, तेव्हा वेळ सकाळची. ऊन पाठीमागून येऊन तटावरही पडतं आणि पाण्यातही उतरतं. पद्मदुर्गाचा तट मला याहून मोहवतो. तिथे समुद्राने दगड झिजवले आणि मधला चुना जाळीसारखा उभा राहिला. ती जाळी वाकवायची नसेल तर फिशआय सोडून सरळ वाइड लेन्स लावावी. मोठा डोम ॲक्रिलिकचा की काचेचा, हा प्रश्नही इथे महत्त्वाचा आहे. ॲक्रिलिकवर कालवांच्या धारेने ओरखडे येणारच. पाण्याखाली ते बरेचसे लपतात, पण अर्ध्या-अर्ध्या फोटोत वरच्या भागावर ऊन पडलं की उजळून निघतात. त्यातल्या त्यात ॲक्रिलिक घासून पुन्हा नितळ करता येतं. काचेवर सहजी ओरखडा पडत नाही, पण खोल पडला की तो कायमचा.

मॅक्रोचं थोडक्यात. १०५ मिमी मायक्रो निर्मळ पाण्यात राजेशाही लेन्स आहे, पण पूर्ण आकाराच्या प्रतिमेसाठी ती सेन्सरपासून ३१.४ सेंटीमीटरवर थांबते, तर ६० मिमी १८.५ सेंटीमीटरवर. हा फरक बहुतेक पाण्याचा आहे. आपल्याकडे ६० मिमी. लांब मॅक्रो ओहोटीला तिवरांच्या चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्यांसाठी ठेवावी. काठावरून, हाउसिंगशिवाय.

आता मागे बॉडीकडे. क्रॉप सेन्सर घेणं म्हणजे तडजोड, अशी समजूत आहे, ती इथे लागू पडत नाही. डोममागे फोकसचा पल्ला हाच खरा पैसा आहे, आणि फुल फ्रेमवर एफ/१६ला जो पल्ला मिळतो तो क्रॉपवर साधारण एफ/११लाच मिळतो. म्हणजे स्ट्रोबला, पाण्याखालच्या फ्लॅशला, कमी ताकद लागते. २०१६ सालच्या निकॉन डी५००चा ऑटोफोकस हिरव्या अंधारातही विषय पकडतो. तो आता नवा बनत नाही, त्यामुळे वापरलेला हाउसिंगसह मिळाला तर मला तो आजही उत्तम सौदा वाटतो. मिररलेसकडे जाणाऱ्याने एक गोष्ट आधी तपासावी. निकॉनसाठीच्या टोकिना फिशआयला स्वतःची मोटर नाही, म्हणून झेड बॉडीवर एफटीझेड अडॅप्टर लावला तरी ऑटोफोकस चालत नाही. कॅननसाठीच्या टोकिनात मोटर आहे, आणि २०२२च्या आर७सारख्या क्रॉप बॉडीवर ती अडॅप्टरने नीट चालते. लेन्स आधी ठरली की बॉडी आपोआप ठरते, ती अशी.

ज्याला इतका खर्च करायचा नाही त्याने ऑलिम्पस टीजी-६कडे कमीपणाने पाहू नये. तो मुळातच १५ मीटरपर्यंत पाण्यात चालतो आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून एका सेंटीमीटरवर फोकस करतो. मधलं पाणी जवळजवळ शून्य. गढूळ पाण्याचा मूळ प्रश्न त्याने खिशात मावेल अशा आकारात सोडवला आहे.

हाउसिंगबद्दल एक गोष्ट खरेदीच्या उत्साहात विसरली जाते. ते एकाच मॉडेलचं असतं. बॉडी बदलली की हाउसिंग मोडीत, आणि बहुतेक वेळा त्याची किंमत बॉडीहून जास्त असते. त्याच कंपनीत राहिलं तर लेन्सपुढचे पोर्ट, डोम, स्ट्रोब आणि ते धरणारे हात हे पुढच्या हाउसिंगवरही सहसा चालतात. म्हणून पैसा डोमवर मोकळ्या हाताने आणि बॉडीवर जपून. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बोटांना ज्या जागी जे बटण हवं ते तिथेच सापडतं. ओढीत एका हाताने खडक धरलेला असताना हा मोठा आधार आहे. पॉलिकार्बोनेटच्या आयकेलाइटची पाठ पारदर्शक असते, ओ-रिंग नीट बसली की नाही ते डोळ्यांना दिसतं. हातपंपाने आतली हवा काढून गळती तपासणारी व्हॅक्यूम यंत्रणा मात्र दोन्हींत असावीच. खाडीचा चिखल वाळूहून बारीक असतो. ओ-रिंगवर तो दिसत नाही, बोटाला जेमतेम लागतो.

छोट्या डोमचा शेवटचा गुण प्रकाशाशी निगडित आहे. विषय काचेपासून पाच सेंटीमीटरवर असताना त्या फटीत प्रकाश घालायचा कसा? मोठ्या डोमची स्वतःची सावली आड येते. छोट्या डोमच्या दोन्ही बाजूंनी स्ट्रोब आत येतात. ते डोमच्या पातळीच्या मागे ओढून तोंड किंचित बाहेर वळवलं, की प्रकाशाच्या शंकूची नुसती कड विषयाला लागते आणि मधले कण अंधारात राहतात. फोटोभर पडणारा पांढऱ्या ठिपक्यांचा पाऊस, ज्याला बॅकस्कॅटर म्हणतात, तो एवढ्याने बराच आटोक्यात येतो.

मागच्या पाण्याचा रंग शटर ठरवतं. १/६०ला खाडी पोपटी होते, १/२००ला गर्द. संगणकावर तिला ओढून निळी करणारे फोटो मला पाहवत नाहीत. त्यात कालवाचा राखाडी जांभळा पडतो आणि पाणी कुठलंच राहत नाही. निळंच हवं असेल तर विजयदुर्गाच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवरच्या आंग्रिया बँकेवर निळं पाणी आहे, प्रवाळ आहेत. तिथे १३० अंशांचा मोठा वेट लेन्स पोर्ट शोभेल, पण आपल्या खाडीतल्या खडकांच्या सांदीत तो शिरतच नाही. खरेदीआधी विक्रेता मालदीवचे नमुने दाखवेल. त्याच्याकडे स्कॉटलंडच्या लॉकमधले, ब्रिटिश कोलंबियाच्या केल्पमधले फोटो मागावेत. हिरव्या पाण्यात वर्षानुवर्षं उतरणारे लोक तिथे आहेत, आणि त्यांच्या फोटोंत कोपऱ्यातले कण किती आणि हिरवा किती जिवंत, ते पाहून राजपुरीसाठीची काच निवडता येते.