घाट

माझ्या एका कादंबरीवर मागे एका टीकाकाराने एकच वाक्य खर्च केले : “आशय बरा, पण घाट नाही.” ज्याचे सारे आयुष्य गोदाकाठी गेले, त्याला घाट नाही म्हणायचे! चार दिवस चडफडलो. कॉलेजची पायरी चढलो नाही हा सल होताच. मग म्हटले, हा शब्दच एकदा नीट पाहू.

मराठीत घाट तरी किती! रामकुंडाच्या पायऱ्या हा घाट. सह्याद्रीची चढण हाही घाट. कसाऱ्याहून इगतपुरीला रेल्वे १८६५ साली चढली. सदतीस फुटांना एक फूट अशी चढण, म्हणून गाडीला मागून जास्तीची इंजिने लावून रेटायचे. घरात मुलीच्या लग्नाचा घाट घातला म्हणजे बापाची गत याहून निराळी नसते. भांड्याची घडण हा तिसरा घाट. आणि मुंबईत कुणी ‘घाटी’ म्हणाला, की ती शिवी. म्हणजे घाट सुबक, पण घाटावरचा माणूस गावंढळ!

टीकाकारांनी उचलला तो भांड्याचा घाट. शब्द देखणा आहे, तक्रार नाही. पण त्याच्या मागोमाग एक समजूत आली, की आशय म्हणजे पाणी आणि घाट म्हणजे तांब्या. तांब्या घोटीव असला म्हणजे झाले. मला हे पटत नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, एकेक माणूस भेटत जातो, मास्तर तालमीचा घाट घालतो, ती उभी राहते, मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठते. तांब्या म्हणून हाती घ्याल, तर या पुस्तकाला काठ सापडणार नाही. पण नदीचा घाट म्हणून पाहा. परका मास्तर ही पहिली पायरी. त्याच्या पावलाने आपण उतरतो. एक माणूस, मग दुसरा. कुठे उडी नाही, कुठे ठेच नाही. आपण किती खोल आलो, हे मात्र वाडी ओस पडल्यावर कळते. उन्हाळ्यात नदीचे पाणी उतरले म्हणजे घाटाच्या तळच्या पायऱ्या दिसाव्यात, तसे.

भर पावसाळ्यात पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढले, यावरून आम्ही नाशिककर पूर मोजतो. त्या दिवशी एकही पायरी दिसत नाही. म्हणून काही घाट वाहून गेलेला नसतो. घाट दिसलाच पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्यांनी एकदा श्रावणात इकडे यावे.

इतके मनाशी जुळवून, मोठ्या ऐटीत मी माझी ती कादंबरी पुन्हा काढली. पहिली पन्नास पाने मी गावाचा इतिहासच सांगत बसलो होतो. वाचकाने पाय टेकावा अशी जागा एकही नाही. टीकाकाराचे वाक्य खरे होते. त्याच्या मनात तांब्या होता की पायऱ्या, एवढे विचारायचे राहून गेले.